ओट्यापाशी

रविवारी सकाळी वाइनचे पेले धूत होतो. घरी कामाला येणाऱ्या मावशी त्यांना हात लावत नाहीत. "तेवढे तुमचे तुम्ही बघा दादा, फुटले तर माझ्या नावावर," असं त्यांनी पहिल्याच वेळी सांगून टाकलं होतं. त्यामुळे हे काम माझ्याकडे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. कोमट पाणी, साबण अगदी नावाला, कडेवरचे ओठांचे ठसे अंगठ्यानं पुसायचे आणि पेला धुवट पंच्यावर उपडा मांडायचा. तळाशी वाळलेला लाल थेंब साबणाच्या पाण्यात गेला की चक्क निळा होतो, ते बघायला मी मुद्दाम थांबतो. ते बघत असतानाच फोन वाजला. रात्री जेवायला आलेल्यांपैकीच एका जुन्या मित्राचा मेसेज.

"जेवण झकास होतं रे. तू मात्र भेटला नाहीस."

भेटलो नाही? दार मी उघडलं. पहिली बाटली मी उघडली. कोथिंबीर वड्या गरम गरम यायला हव्यात म्हणून मी आत-बाहेर करत होतो, तेव्हा "कडेची आण एखादी, जरा जास्त तळलेली" अशी फर्माईश यानंच केली होती. रस्सा वाढला तेव्हा मी याच्या खुर्चीमागे उभा होतो, जाताना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो होतो. दुपारपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिलो. संध्याकाळी भांडण निवलं, वाक्य मात्र डोक्यातून हलेना.

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंत आहे. नव्या फ्लॅटांत ती नसते, ओटा थेट बैठकीत येतो आणि मिरचीचा ठसका सोफ्यावरच्या पाहुण्याला लागतो. मला भिंतच बरी वाटते. माणसं जेवायला यायची असली की शेवटचा अर्धा तास मी एकटा आत असतो, आणि तो माझा सगळ्यात लाडका वेळ. मटण शिजून झालेलं असतं, वाटण व्हायचं असतं. आमच्याकडे रश्श्याला कांदा चिरून परतत नाहीत. अख्खा कांदा सालासकट गॅसवर ठेवायचा, बाहेरून कोळसा आणि आतून मऊ होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून सरळ ज्योतीवर. आधी तेल सुटून चमकायला लागते, मग कडेला पेट घेते, तशी फुंकून विझवायची आणि दुसरी कड धरायची. या वेळी घरभर जो वास सुटतो त्यानं बाहेरच्या गप्पा क्षणभर थांबतात. कुणीतरी "आहाहा" म्हणतं, कुणीतरी "झालं का रे, आता धीर नाही" म्हणून ओरडतं. ओट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीशेजारी, माझा पेला असतो. त्यातला एक घोट घेऊन मी काळा मसाला तेलात सोडतो. भिंतीपलीकडे माझी माणसं हसतायत, कुणावर ते नीट ऐकू येत नाही, आणि आपण त्यांच्यासाठी काहीतरी करतोय. त्यांच्यात बसल्यावर मला हे इतकं सुख होत नाही. तिथं बसलं की मग बोलावं लागतं.

आता याला मित्राच्या भाषेत "न भेटणं" म्हणायचं असेल तर म्हणो बापडा.

पण हे असं ऐटीत म्हणताना आई आठवते, आणि ऐट थोडी उतरते. आई रावेरकडची. आमच्या घरी सणावाराला पंचवीस-तीस पानं सहज व्हायची. पहिली पंगत पुरुषांची आणि पोरांची, दुसरी उरलेल्या पाहुण्यांची, आणि मग दुपार कलल्यावर घरच्या बायका. तोवर पुरणपोळ्या वातड झालेल्या असायच्या, कटाच्या आमटीत वरची तर्री संपून तळचं आंबट पाणी उरलेलं. "मला आंबटच आवडतं," असं आई म्हणायची. आम्हाला ते लहानपणी खरं वाटायचं. अमक्याला गोड आवडतं, तमक्याला तिखट, तसं आईला तळचं आवडतं. पुढे वडील गेल्यावर, घरात माणसं कमी झाल्यावर, आई आमच्याबरोबरच पहिल्यांदा पानावर बसू लागली, तेव्हा लक्षात आलं की बाई आमटीवरची तर्री डावानं हलकेच बाजूला ओढून आधी स्वतःच्या वाटीत घेते.

ती ओट्यापाशी असायची, मीही असतो, पण दोन्ही एकच धरणं चुकीचं आहे. मी महिन्यातून एखाद्या शनिवारी स्वयंपाक करतो आणि त्याबद्दल मला टाळ्या मिळतात. "नशीबवान आहेस हो," असं मैत्रिणी माझ्या बायकोला म्हणतात. बायको कसंनुसं हसते, कारण बाकीच्या दिवसांची पोळीभाजी तिच्याकडे असते आणि त्याबद्दल मला नशीबवान कुणी म्हणत नाही. शिवाय मी स्वयंपाक करतो तेव्हा भांडी किती निघतात हा वेगळाच विषय. तिनं एकदा शांतपणे विचारलं होतं, "एका भाजीला चार कढया कशा लागतात?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

बाहेर जेवायला गेलं की मला ओट्यामागे जाता येत नाही, आणि मग माझी पंचाईत होते. हात कुठे ठेवायचे ते समजत नाही. वेटर पाणी ओततो तर मी अर्धा उठतो. आमच्या नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आता अशी बरीच ठिकाणं झाली आहेत, जिथं गच्चीवरून द्राक्षाच्या ओळी आणि लांबवर धरणाचं पाणी दिसतं, आणि मेन्यूकार्डाचं वजन थाळीएवढं असतं. तिथला एक प्रकार मला दर वेळी बघण्यासारखा वाटतो. वाइन निवडते बायको. तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त समजतं, नाक तीक्ष्ण आहे, बूच कुजलेलं असलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास तिला आधी येतो. वेटरशी चर्चाही तीच करते. पण बाटली उघडली की चाखायचा पहिला घोट माझ्या पेल्यात पडतो. दर वेळी. मी पेला तिच्याकडे सरकवतो, वेटर कावराबावरा होतो, शेजारच्या टेबलावरचे काका वाकून बघतात. मग ती वास घेते, मान डोलावते, आणि वेटर ओततो ते परत आधी मला.

याच ठिकाणी एकदा मिसळ आली होती. पसरट पांढऱ्या डिशच्या मधोमध मटकीचा छोटा डोंगर, भोवती तर्रीचे सात-आठ ठिपके, वर मायक्रोग्रीन्स. नाशिकमध्ये, जिथं रविवारी सकाळी मिसळीसाठी गाड्यांच्या रांगा लागतात आणि रश्श्याची किटली घेऊन पोरगा न विचारता फिरत असतो, तिथं ठिपके! चवीला वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण रस्सा परत मागता येत नाही ती मिसळ कसली. खानावळीत बसलं की मालक गल्ल्यावरून उठून येतो, "तांबडा देऊ का अजून? घ्या हो, तुम्ही काहीच जेवत नाही," म्हणतो, आपण ताटावर हात आडवा धरतो, तो हाताच्या फटीतून डाव उपडा करतो. या जबरदस्तीला किती नावं ठेवली तरी तिच्यावाचून आपलं जेवण जेवण वाटत नाही. महागड्या ठिकाणी सगळं मोजून येतं आणि मोजूनच संपतं. वाइनही. तीच बाटली दुकानात मिळते त्याच्या दुपटीनं तिथं पडते, त्यामुळे प्रत्येक घोटाला हिशोब चिकटतो.

आमच्या लहानपणी नाशिकला वाइन नव्हतीच. द्राक्षं होती, भरपूर होती, थॉमसन सीडलेस. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या घरी बाग. मार्चमध्ये डब्यात पोळीबरोबर द्राक्षं असायची आणि उन्हाळ्यात गच्चीवर बेदाणा वाळत असायचा. शॅम्पेन ही गोष्ट सिनेमात फुटायची. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंचांच्या मदतीनं फसफसणारी वाइन करायला घेतली होती, पण ते आम्हाला मोठेपणी कळलं. नंतर राजीव सामंत अमेरिकेतून परत आले, घरच्या जमिनीवर गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांच्या 'सुला' कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि दिंडोरीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या तोंडी शेनिन, शिराझ, साव्हिन्यो अशी वाइनच्या द्राक्षांची नावं यायला लागली. कोणी "शिरज" म्हणायचं, कोणी "सोविनॉन". द्राक्षाला नावानं काही फरक पडत नाही.

वाइनचं द्राक्ष तोडून खाल्लं तर पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटतं. चिमुकला मणी, जाड साल, आत बिया आणि त्यांच्याभोवती थोडासा गोड-आंबट गर. पाव्हण्यांना बागेत नेलं की सगळ्यांचा चेहरा एकसारखा पडतो. पण वाइनचा रंग आणि तोंड कोरडं करणारा तुरटपणा त्या सालीत आणि बियांतच असतो. नाशिकची आणखी एक गंमत अशी की इथला वेल थंडीत झोपत नाही. युरोपात बर्फ पडतं, वेल आपोआप गपगार होतो, वर्षाला एकदा छाटला की भागतं. इथं दोनदा छाटावा लागतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यामुळे तिकडे सप्टेंबरच्या आसपास जी तोडणी चालते ती आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये येते. आणि मधल्या काळात अवकाळी पाऊस, डावनी आणि भुरीसारखे वेलीचे रोग. शेतकऱ्याची झोप उडते ती पुणे-मुंबईची मंडळी पायानं द्राक्षं तुडवायला येतात त्याच्या बऱ्याच आधी.

आईला पहिल्यांदा वाइन दिली तेव्हा मला धास्ती होती. घरात दारूचं नावही न निघालेलं. वाइन म्हणजे दारू की नाही हा वाद आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत, मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा, पार विधानसभेपासून पारापर्यंत रंगला आणि निर्णय बारगळलाच. घरोघरीही तो रंगत असतो. माझं मत विचाराल तर दारू आहे, त्यात चाचरण्यासारखं काही नाही. एवीतेवी कायद्याच्या पुस्तकात पिणाऱ्याला अजून परवाना लागतोच. तर आईनं पेला नाकाशी नेला, चमचाभर चाखला आणि म्हणाली, "द्राक्षासव आहे की हे. गूळ कमी पडलाय." मी हसायला लागलो. पण ती चूक नव्हती. वडिलांच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असायची, जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून, पचनासाठी. त्यावर अगदी लहान अक्षरांत स्वयंजनित अल्कोहोल असं छापलेलं असतं. धायटीच्या फुलांनी आंबवलेलं ते आसव आईनं वर्षानुवर्षं निरुपद्रवी म्हणून वाढलं होतं. तेव्हापासून ती आमच्याबरोबर थोडी घेते, आणि शेजारणीला द्राक्षासव म्हणूनच सांगते.

कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन, यावर जे जे वाचायला मिळतं ते सगळं एकामागून एक येणाऱ्या जेवणाचं असतं. आधी सूप, मग मासा, मग मांस, मग गोड. प्रत्येकाची जोडी ठरलेली. आपलं ताट एकदम येतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे पातळ भाजी, सुकी भाजी, आमटी. मध्ये वरणभात, वर तूप, आणि गोडही त्याच वेळी ताटात. आपण श्रीखंडाचं बोट चाटून लगेच मिरगुंड मोडतो. या सगळ्याला पुरून उरेल अशी एक वाइन जगात असेल असं मला वाटत नाही. माझी खटपट बरीच झालीय. तिखटाशी तुरट लाल वाइन आली की दोघं मिळून तोंड सोलून काढतात. अल्कोहोलनं मिरचीचा जाळ वाढतोच. किंचित गोडसर, चांगली थंड पांढरी शेनिन ब्लाँ असली तर तिखट जरा दमतं. कोथिंबीर वडीबरोबर साव्हिन्यो ब्लाँ इतकी जुळते की ती मुळात आपल्यासाठीच केली असावी. तिला स्वतःलाच हिरव्या पाल्याचा वास असतो. बोंबलाचे कुरकुरीत तुकडे आणि फसफसती वाइन, हे एकदा करून बघाच, तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन चालते, मात्र बेतानं. ठेच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. मिसळीबरोबर वाइन मागणाऱ्याला मी घरातून हाकलणार नाही, पण ताक आणून देईन.

आणि लाल वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हा सल्ला ज्या खोलीत बसून कुणी दिला ती खोली सोळा-सतरा अंशांवर होती. आमच्या मे महिन्याच्या खोलीत बाटली ठेवली तर सारासारखी गरम होते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

गोव्याच्या लोकांनी हा सगळा घोळ कधीच सोडवला, असं मला तिथं गेलं की वाटतं. पोर्तुगीजांबरोबर मांस वाइन-लसणात मुरवायची पद्धत आली. इथं वाइन सहज मिळत नव्हती, माडाचं व्हिनेगर होतं. तेच घातलं, वर मिरची ओतली, आणि विंदालू झाला. शेजारी काय प्यायचं याची चर्चा न करता एप्रिलमध्ये काजूची उराक, बाकी वर्षभर फेणी. तिथल्या एका छोट्या तावेर्नात, म्हणजे गुत्त्यात, मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली होती, एक पाय आत, एक पाय बाहेर. पातेल्यावरही लक्ष, आमच्या गप्पांतही तोंड. तिला मी बराच वेळ बघत बसलो होतो.

जानेवारीत दिंडोरीकडे अण्णांच्या मळ्यावर भरीत पार्टी ठरली. अण्णा म्हणजे माझ्या वर्गमित्राचे थोरले भाऊ, वाइनची द्राक्षं लावणारे आणि स्वतः थेंबही न घेणारे. आईनं जळगावहून वांगी मागवली होती, हिरवट पांढरी, हाताला लांब आणि जड. या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आईच्या लेखी त्याआधीही दुसरी वांगी भरताला चालत नव्हतीच. खरी अडचण जळणाची निघाली. भरताचं वांगं पऱ्हाटीवर भाजायचं, कापूस वेचून झाल्यावर ज्या वाळक्या काड्या उरतात त्यांच्यावर, असा खान्देशचा कायदा. दिंडोरीत कुठला कापूस? अण्णांनी बांधाला रचलेला छाटणीच्या काड्यांचा ढीग दाखवला, ऑक्टोबरात छाटलेल्या, आता खणखणीत वाळलेल्या. आई नाखूश होती. मी तिला सांगितलं की फ्रान्समध्ये बोर्दोचे लोक द्राक्षाच्या काड्यांवरच मांस भाजतात आणि त्याचा केवढा अभिमान बाळगतात. "भाजू दे की त्यांना," आई म्हणाली, "ते काही वांगं नाही." पण काड्या पेटल्या, जाळ एकदम उठला आणि लगेच बसला, बारीक निखारा राहिला, तेव्हा तिनं वाकून बघितलं आणि फार काही बोलली नाही. याचा अर्थ पास.

वांगी भाजायला मी उकिडवा बसलो. तो मेसेजवाला मित्र माझ्या शेजारी येऊन बसला, कारण थंडी होती आणि जाळ एकच होता. त्याच्या हातात पेला, शिराझ, विहिरीच्या पाण्यात बादलीत बुडवून गार केलेली. वांग्याला देठाशी धरून फिरवत राहावं लागतं. साल काळी पडते, मग ठिकठिकाणी फुटते, फुटलेल्या जागी पाणी चरचरतं आणि वांगं हळूहळू बसायला लागतं. नजर काढता येत नाही. त्या नजर न काढता येण्याचा फायदा असा झाला की त्याला बोलता आलं. त्याच्या नोकरीचं काही खरं नव्हतं. दिवाळीच्या आधीच त्याला सूचना मिळाली होती, घरी अजून बायकोला पूर्ण सांगितलेलं नव्हतं. त्या शनिवारी तो लवकर आला होता तो माझ्याशी बोलायला, आणि मी त्याच्या हातात वड्यांची डिश देऊन आत गेलो होतो. हे तो म्हणाला नाही, मीच तारखा जुळवल्या. मी काही सल्ला दिला नाही, देण्यासारखा माझ्याजवळ नव्हताही. त्यानं पुढचं वांगं माझ्या हातून घेतलं, फिरवलं, आणि बोट भाजून घेतलं.

मग सोलणं, आणि लाकडी बडगीत मुसळानं ठेचणं. हिरव्या मिरच्या आणि लसूण निखाऱ्यावर भाजून त्यातच. शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. सोलताना आईनं सगळ्यांना कामाला लावलं होतं. काळ्या सालीचे कण राहिले तर ती ज्याचं त्याला परत देत होती. अण्णांच्या घरच्या वहिनी पलीकडे चुलीवर कळण्याची भाकरी थापत होत्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाची, काळपट, तव्यावरून निघाली की तिला धुराचा आणि मातीचा असा मिळून वास येतो. शिराझला थोडी मिरीची झाक असते. धुरकट भरताबरोबर ती अशी बसली की बायकोनं पेला खाली ठेवून सरळ दुसरी भाकरी मागितली. मिरच्या आईनं जपून घातल्या होत्या म्हणून, नाहीतर लाल वाइनचं काही खरं नव्हतं. वहिनींना सगळे म्हणत होते, बसा, बसा आता. "तुम्ही घ्या, मी मागून बसते," त्या म्हणाल्या.

"मागून काही उरत नसतं," आई म्हणाली. तिनं त्यांच्या हातातला पिठाचा गोळा काढून परातीत टाकला, मनगट धरलं आणि त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. उरलेल्या भाकऱ्या मग मित्रानं थापल्या. भारताचा नकाशा म्हणता येईल अशी एकही झाली नाही, सगळ्या श्रीलंका. पण संपल्या.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा अण्णांनी बाटली उचलून कंदिलाच्या उजेडात फिरवली. त्यांची द्राक्षं ज्या वायनरीला जातात तिचीच ती होती. लेबलावरचं सगळं त्यांनी डोळे बारीक करून वाचलं.

"हिच्यात द्राक्षं किती जात्यात?"

"सव्वा किलो धरा," मी म्हणालो.

"आन् पडली कितीला?"

"साडेनऊशे."

अण्णांनी ताटातल्या बोटांवर हिशोब मांडला, एकदा मोडला, परत मांडला. मग मोठ्यानं हसले. "मंग मधलं कोण पितं?"

मी सांगायला लागलो, काचेची बाटली असते, बूच असतं, टाक्या थंड ठेवायची वीज, कर, दुकानदाराचा वाटा, जाहिरात. अण्णांनी ऐकलं थोडं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "भरीत गार व्हतंय," आणि वहिनींपुढचा ताकाचा तांब्या स्वतःकडे ओढला.